एकोणसत्तरच्या आत

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी सत्तावीस वर्षं बसतो आहे. उसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचं वजन घ्यायचं. रिकामी होऊन परतते, पुन्हा वजन घ्यायचं. मधला फरक तो ऊस. वजनाच्या बाबतीत मी कुणाचं म्हणणं ऐकत नाही, आकडा बघतो. म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला काट्यावर उभं केलं आणि अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम असा आकडा आला, तेव्हा मी लगेच विचारलं, "किती हवं?"

"एकोणसत्तरच्या आत," डॉक्टर म्हणाले. "यांच्या उंचीला त्याहून जास्त वजन असेल तर मी ऑपरेशनला हात लावणार नाही. बाकी सगळं उत्तम आहे. रक्तदाब, साखर, दोन्ही किडन्या. फक्त वजन."

ऑपरेशन तिच्या भावासाठी होतं. माझा मेहुणा तिच्याहून सात वर्षांनी लहान, सारंगखेड्याला शेती करतो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा नंदुरबारला डायलिसिस सुरू होतं. एक दिवस त्यात जायचा आणि दुसरा थकव्यात. केळीचा बाग त्याची बायको बघायची. तिचा रक्तगट त्याच्याशी जुळला नाही. आईवडील राहिले नव्हते, मुलं शाळेत होती. बहीण एकच, आणि तिचं सगळं जुळलं. म्हणजे त्याचं पुढचं आयुष्य माझ्या बायकोच्या अंगावरच्या साडेनऊ किलोंपाशी येऊन थांबलं होतं.

डॉक्टरांनी तारीख दिली नाही. पण मेहुण्याच्या हृदयावर ताण दिसायला लागला आहे, पावसाळ्याच्या तोंडापर्यंत झालं तर बरं, एवढं बजावलं. आणि त्याच दमात हेही सांगितलं, की उपाशी राहून, पावडरी खाऊन किंवा काढे पिऊन वजन उतरवलंत तर ज्या किडनीसाठी हे सगळं चाललंय तिलाच धक्का लागेल. हळू उतरवा, पण उतरवा.

आम्ही परतीच्या बसला बसलो. धुळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "साडेनऊ किलो म्हंजे कितलं?"

मी म्हटलं, "पाण्याची एक भरलेली कळशी."

"ती तं मी रोज उचलस," ती म्हणाली. "मंग उतारी देसू."

हे तिने ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला माहीत होता. आमच्या घराचं बांधकाम अर्ध्यावर अडलं होतं तेव्हाही ती याच आवाजात म्हणाली होती की पावसाआधी छत घालून होईल. ते झालं होतं.

नाशिकच्या दवाखान्यात एक आहारतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी सोपं करून सांगितलं होतं. दिवसाला चौदाशे कॅलरी खायच्या आणि पाऊण तास झपाझप चालायचं. शरीर जितकं वापरतं त्यापेक्षा रोज पाचशेने कमी पडलं पाहिजे. अशी साधारण साडेसात हजारांची तूट साठली की एक किलो उतरतो. मी तिथेच मनात गणित मांडलं. आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर. संक्रांत नुकतीच झाली होती. सगळं सरळ चाललं तर जूनच्या आत जमत होतं, पण चुकायला फार जागा नव्हती.

बायकोला आकड्यांचा कंटाळा आहे. तिने पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली. "आकडा तुम्ही सांभाळा, भाकर मी सांभाळस."

आणि पहिला घोटाळा भाकरीतच निघाला. आहारतज्ज्ञ बाईंनी 'दुपारी एक भाकरी' असं लिहून दिलं होतं. त्यांची भाकरी तळहाताएवढी असावी. आमच्याकडची कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या पिठाची, अख्खं ताट झाकते. मी पीठ तोलून बघितलं. एका भाकरीला नव्वद ग्रॅम. म्हणजे नाशिकच्या दोन भाकऱ्या आमच्या एकीत बसत होत्या. मी पंचेचाळीस ग्रॅम पीठ वेगळं काढून तिच्यासमोर ठेवलं. ते बघून माझी आई म्हणाली, "ही भाकर शे का पापड?"

बायकोने त्या पिठाचा गोळा हातात घेतला, दोनदा झेलला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिने मला पीठ तोलू दिलं नाही. मी आपला तिच्या नकळत एक-दोनदा तिचा गोळा काट्यावर ठेवून बघितला. पाण्याचं वजन वजा केलं की दर वेळी पंचेचाळीसच्या एक-दोन ग्रॅम इकडे नाहीतर तिकडे. मग मी तो नाद सोडला.

सोमवारचा उपास ती लग्नाआधीपासून करते. मी तिला सांगितलं, साबुदाण्याची खिचडी आणि वर शेंगदाण्याचा कूट, हा उपास तुझ्या रोजच्या जेवणापेक्षा जड आहे. निव्वळ उपाशी राहायला तर डॉक्टरांनीच बंदी केलेली. आता ही ऐकणार नाही असं मला वाटलं होतं. ती देवघरात गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "महादेवले सांगी दिधं. त्याना सोमवार मंग करसू."

खाणं मार्गी लागलं. चालणं मात्र फार अवघड निघालं, आणि त्याचं कारण चालण्यात नव्हतं.

आमचं गाव शहाद्यापासून जवळ आहे. ब्राह्मणपुरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस, पपई आणि कापूस. आमच्याकडच्या बाया कमी चालत नाहीत. शेतात जातात, निंदायला जातात, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन परत येतात. पण काही कामाशिवाय, नुसतं पुढे जाऊन परत यायचं, असं आमच्याकडे कुणी बाई करत नाही. पहिल्या दिवशी सकाळी ती निघाली आणि शंभर पावलांवर मागून मोटारसायकल येऊन थांबली.

"बठ काकू, सोडी देस."

"नको रे भाऊ, मी फिरी ऱ्हायनू."

"फिरी ऱ्हायनी? काय व्हयनं? काका काही बोलना का?"

मोटारसायकली तिने परतवल्या. ओटे तिला परतवता येईनात. सकाळी प्रत्येक ओट्यावर कुणीतरी बसलेलं असतं आणि रस्त्याने जाणारी बाई रिकाम्या हाताने दिसली की तिला हाक पडते. "कोठे चालनी व? ये, चहा पीसन जाय." आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराशी काहीतरी बिनसलं आहे असं सांगणं. एकदा नाही म्हटलं तर दुपारपर्यंत त्या घरातली बाई आमच्या घरी विचारायला येते, की मन्हं काही चुकनं का. त्यामुळे ती बसायची. म्हशीचं दूध, दोन चमचे साखर. पाऊण तासाच्या चालण्यात तिच्या दीडशे-पावणेदोनशे कॅलरी खर्च होत होत्या आणि दोन ओट्यांवर त्या पुरत्या भरून निघत होत्या. एके दिवशी ती तीन चहा आणि एक खारी खाऊन आली. मी तिला सांगितलं, "आज तू चालली नसतीस तर वजन कमी झालं असतं."

ती चिडली नाही. विचार करत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर तिच्या हातात दुधाची रिकामी किटली.

"कोठे चालनी व?"

"दूधले."

एवढ्यावर बोलणं संपायचं. हातात किटली असलेल्या माणसाला कुणी बसवून घेत नाही, जाताना दूध संपेल म्हणून आणि येताना नासेल म्हणून. ती किटली हलवत गावाबाहेर जायची, पाटाच्या कडेने पुढच्या शिवारापर्यंत आणि परत. परतताना डेअरीवरून खरंच अर्धा लिटर दूध घ्यायची, म्हणजे खोटंही होत नव्हतं. मी सत्तावीस वर्षं मापाच्या धंद्यात आहे, पण ही युक्ती मला सुचली नसती. चहा कसा कमी साखरेचा मागावा यावर मी तिला रात्री व्याख्यान देणार होतो.

मी घरी आणलेल्या काट्यावर पहिल्या महिन्यात अडीच किलो उतरले. मी खूश होतो, मेहुण्याला फोन करून सांगितलं. मग गाडी जागेवर थांबली. पंचाहत्तर किलो नऊशे. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात शंभर ग्रॅम कमी, आणि नंतर तेवढेच जास्त. मी सगळं पुन्हा मोजलं. भाकरी, वरण, भाजी, ताक, दुपारची पपई. बेरीज चौदाशेच्या आतच येत होती. चालणं पाऊण तासाचं तासावर गेलं होतं. आकडे बरोबर आणि वजन चूक, असं माझ्या नोकरीत कधी होत नाही. होतं तेव्हा गाडीत काहीतरी लपवलेलं असतं.

"तुमना काटाच खराब शे," बायको म्हणाली. हे मला लागलं. मी तिला गावातल्या दवाखान्याच्या काट्यावर नेलं, मग किराणा दुकानाच्या. सगळे एकच बोलत होते. त्याच आठवड्यात मेहुण्याला डायलिसिस चालू असताना धाप लागली आणि त्याला रात्रभर तिथेच ठेवावं लागलं. त्या दिवशी बायकोने रात्रीची भाकरीही अर्धीच खाल्ली, आणि तसं करायचं नाही असं मला तिला सांगावं लागलं.

लपलेली गोष्ट तेलाच्या डब्याने दाखवली. आमच्याकडे शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा येतो आणि घरातल्या आम्हा चौघांना तो साधारण पावणेतीन महिने जातो. चौघं म्हणजे आम्ही दोघं, आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. घरातल्या एका माणसाचं खाणं एवढं कमी झालं तर डबा थोडा तरी जास्त पुरायला हवा. तो नेहमीच्याच वेळेला संपला. मी रिकाम्या डब्याकडे बघत राहिलो आणि त्या दिवशी जेवताना ताटाकडे न बघता हातांकडे बघितलं.

बायकोने छोटी भाकरी घेतली. शेजारी ठेचा घेतला आणि बोटाने ठेच्याच्या मधोमध आळं केलं. आईने तेलाची बुधली उचलली आणि त्या आळ्यात धार सोडली, जशी ती आम्हा सगळ्यांच्या ताटात सोडते. रात्री खिचडी होती. खिचडीवरही तीच धार. आमच्या खानदेशात कच्चं तेल वरून घेतल्याशिवाय खिचडी घशाखाली उतरत नाही. फोडणीचं तेल मी चमच्याने मोजून दिलं होतं. वरून घेतलेलं तेल कुणीच मोजलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर रोज तिच्या शेजारी बसून जेवत होतो. ते खाणं आहे हे आमच्यात कुणाच्या मनातच येत नाही.

मी आईला म्हटलं, "माय, नेहमीसारखी धार या वाटीत सोड."

"कसाले?"

"सोड तं खरी."

वाटी तोलली. वीस ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे चाळीस, म्हणजे तीनशे साठ कॅलरी. ती रोज दोन गावांच्या शिवारातून चालून यायची आणि बुधली ते चालणं दोनदा पुसून टाकायची.

आईला ते पटलं नाही. "तेल काय जेवण शे का? तेल तं वरथून लेतस."

बायकोने मात्र बुधली उचलली, फडक्याने पुसली आणि आईच्या बाजूला सरकवली. "उद्यापाईन माले नको."

"कोरडी खिचडी खाशी?" आई म्हणाली. "ढोरं तरी खातीन का ती?"

"ढोरले भाऊ नही ऱ्हास," बायको म्हणाली.

पुढच्या संध्याकाळी तिने कोरडी खिचडी खाल्ली. ज्यांनी लहानपणापासून ती तेलावर खाल्ली आहे त्यांनाच हे काय असतं ते कळेल. मी तिचा पहिला घास बघत होतो. तो बराच वेळ तोंडात फिरला. मग तिने पातळ ताक ओतून घेतलं आणि ताट पूर्ण केलं. तोंड वाकडं केलं नाही, कौतुकाची अपेक्षा केली नाही, आणि आमच्यापैकी कुणी तेल सोडावं असंही म्हणाली नाही. मी एक आठवडा तिच्यासारखं खाऊन बघायचं ठरवलं. सहाव्या दिवशी कारखान्याच्या गेटवर शेवभाजी खाऊन आलो. आईने काय केलं तेही सांगायला हवं. काही दिवसांनी मी बघितलं तर आईची खिचडीही कोरडी होती. विचारलं तर म्हणाली, "पंगतमा एकटीनंच कोरडं खावानं बरं दिसत नही."

गाडी पुन्हा चालू लागली. चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, बहात्तर. चैत्रात उन्हाने कहर केला तेव्हा ती उजाडायच्या आत निघायला लागली. आखाजी जवळ आली तेव्हा वजन एकाहत्तर किलो सहाशेवर होतं. अडीच किलोंच्या थोडं वर बाकी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाहेरच्यांसाठी तो सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्याकडे तो लेकीबाळींचा दिवस आहे. लग्न झालेल्या पोरी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, आणि त्या दिवशी आमरस आणि मांडे होतात. मांडा म्हणजे पुरणाची पोळी, पण हातावर फिरवत फिरवत रुमालाएवढी मोठी केलेली आणि उलट्या खापरावर भाजलेली. आईवडील गेल्यापासून बायकोचं माहेर म्हणजे हा भाऊच. न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आखाजीच्या आठवडाभर आधी तिने सहज विचारलं होतं, "एक मांडामा कितलं ऱ्हास?" मी हिशोब करून सांगितलं, पुरण आणि तूप धरून सहाशे तरी, आणि वाटीभर रस घेतला तर आठशेच्या पुढे. "बरं," ती म्हणाली. त्याच दिवसापासून ती संध्याकाळीही चालायला जाऊ लागली. मला ते आवडलं नाही. "डॉक्टरांनी हळू सांगितलंय," मी म्हटलं. "माले म्हाइत शे," ती म्हणाली आणि गेली. मला वाटलं तिचा धीर सुटत चालला आहे.

आखाजीला आम्ही सकाळच्या बसने सारंगखेड्याला गेलो. अंगणात भावजय खापर मांडून बसली होती, घामाने निथळत. पोरी कडुलिंबाच्या झोक्यावर होत्या. मेहुणा खाटेवर बसला होता. आदल्या दिवशीच डायलिसिस झालं होतं. डाव्या हाताची सुई टोचायची शीर दोरीसारखी फुगलेली. तो माझ्याशी उसाचं, पाण्याचं बोलला, पण नजर सगळा वेळ बहिणीवर. तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या.

पंगत बसली. त्याच्या ताटात मांड्याचा एक छोटा तुकडा होता. रस नाही, त्याला आंबा वर्ज्य. भावजय बायकोला वाढायला आली तेव्हा तिच्या हातात अख्खा मांडा होता, आणि ती घुटमळली. तिलाही सगळं माहीत होतं.

तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "अक्का, तू पुरी वाळी गयी."

"वाळनी नही. वजन उतरनं."

"माले नको तुन्ही किडनी."

भावजय तशीच वाकलेली उभी.

"मी नंदुरबारले जास तेच बरं शे," तो म्हणाला. "सालमा एक आखाजी येस. मन्हा घर येईसन तू मोजीसन खाशी, उपाशी उठशी, आन मी तुन्ही किडनी लेसू? मी लेवाव नही. पाव्हना, तुम्ही सांगी द्या डॉक्टरले."

तो रागाने बोलत नव्हता. ठरवून बोलत होता. हे मला जास्त भीतीदायक वाटलं. किडनी देणाऱ्याच्या कागदावर नवरा म्हणून मी सही केली होती, त्या रात्री मला झोप आली नव्हती. पण घेणारा नको म्हणेल हे कुठल्याच हिशोबात धरलं नव्हतं.

बायकोने ताट पुढे केलं. "वाढ व माय," ती भावजयीला म्हणाली, "आख्खा वाढ. आन रस दे. तूप कसाले चोरी ऱ्हायनी?"

तिने तो मांडा खाल्ला. घाई न करता, घडी उलगडत, रसात बुडवून. वर आणखी अर्धी वाटी रस मागून घेतला. मध्येच भावजयीला म्हणाली, "पुरण भलतं मऊ व्हयनं, तुन्ही सासूले असं जमे नही." भावजय हसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मेहुणा बहिणीच्या हाताकडे बघत होता, लहान पोर बघतं तसा. शेवटचा घास झाल्यावर तिने बोटं चाटली आणि त्याला विचारलं, "कोन उपाशी उठनं? आते काय म्हणणं शे तुन्हं?"

त्याने आपला तुकडा उचलला आणि खायला लागला. नंतर आम्ही निघताना त्याने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "पाव्हना, नाशिकले कव्हय जावानं?"

परतताना बसमध्ये मी हळूच म्हटलं, "साडेआठशेच्या वर गेलं आज."

ती खिडकीबाहेर बघत होती. "आठ दिवस संध्याकाळले मी कसाले फिरी ऱ्हायन्ती? मन्हा भाऊ माले म्हाइत नही का? मी खादं नसतं तं तो नकोच म्हणता. तो मांडा मी पहिलेच चालीसन ठेयेल व्हता."

मी हिशोब केला. संध्याकाळची पाऊण तासाची फेरी, आठवडाभर. बरोबर बसत होतं. भरलेलं आधी मोजायचं आणि रिकामं नंतर, हा माझ्या कामाचा क्रम. उद्या भरणार आहे म्हणून आजच तेवढं रिकामं करून ठेवणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. आणि आपल्या भावाच्या मनाचं वजन तिला माझ्याआधी कळलं होतं, ते वेगळंच. त्या आठवड्यात काट्यावर एक ग्रॅमही वाढला नाही.

जूनच्या सुरुवातीला नाशिकच्या काट्याने अडुसष्ट किलो सातशे दाखवले. डॉक्टर काट्याकडे बघून फक्त "हं" म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. मंजुरीसाठी एका समितीपुढे जावं लागतं. तिथल्या साहेबांनी तिला विचारलं, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? ती शुद्ध मराठीत म्हणाली, "माझ्यावर कुणाचा दबाव चालतो का, ते आमच्या मालकांनाच विचारा." सगळे हसले. मी हसलो नाही, मी मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. भावजय आणि मी एकाच बाकावर होतो आणि दोघांची माणसं आत. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, दोघंही ठीक आहेत म्हणाले. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, किडनीचं वजन किती असतं? ते थकलेले होते, तरी त्यांनी मूठ करून दाखवली. "दीडशे ग्रॅमच्या आसपास." जवळजवळ दहा किलो उतरवून तिने दीडशे ग्रॅम दिले होते. मी हा फरक पुन्हा पुन्हा काढत राहिलो.

तिसऱ्या दिवशी तिला उठवून चालवायला सांगितलं. एका हाताने तिने माझा खांदा धरला होता आणि दुसऱ्याने पोट. मी म्हटलं दारापर्यंत जाऊ आणि परत फिरू. तिने ऐकलं नाही. मेहुण्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, कुणाला आत जायची परवानगी नव्हती, दाराला काच होती. तिथपर्यंत जायला आम्हाला बराच वेळ लागला.

तो उशाला टेकून बसला होता, तोंडावर मास्क. काचेतून बहीण दिसली तशी त्याने आधी हात हलवला. मग खाटेच्या कडेला लटकवलेली लघवीची पिशवी काढून त्याने दोन्ही हातांनी वर धरली, जत्रेत जिंकलेलं बक्षीस दाखवावं तशी. ती निम्म्याहून जास्त भरलेली होती. कितीतरी महिने त्याला थेंबभरही लघवी धड होत नव्हती.

आतली नर्स धावत आली आणि त्याच्यावर ओरडली, पिशवी अशी वर उचलायची नसते, खाली ठेवा आधी. त्याने ठेवली. मास्कमुळे तोंड दिसत नव्हतं, पण डोळ्यांवरून कळत होतं. बायको इतकी हसली की टाके दुखले, आणि हसता हसताच ती कळवळत मला म्हणाली, "दखं का? भरनी ना!"